फोरएंडचा एक स्क्रू आणि सिंगल-शॉट रायफलचा ग्रुप

रुगर नं. १ ही सिंगल-शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी, रायफल घेतलेल्या माणसाला सल्ले लगेच मिळू लागतात. एक सांगतो, फोरएंडचा स्क्रू वीस इंच-पौंडांवर आवळ. दुसरा म्हणतो, दहाच्या वर जाऊ नकोस. तिसरा म्हणतो, बोटाने फिरवून सोडून दे. तिघांच्याही रायफली छान लागत असतात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या रायफलीवर मात्र चालत नाही. यात कोणी थापा मारत नसतो. टॉर्कचा आकडा एवढंच सांगतो की स्क्रू किती जोराने फिरवला. त्यातून तयार झालेला दाब पुढे कशावर पडतो, हे त्या आकड्यात कुठेच नसतं; आणि ग्रुप (लक्ष्यावर भोकं किती जवळजवळ पडतात ते) ठरतो तो त्यावर. म्हणून आधी दाब कोणत्या वाटेने जातो ते बघायचं, आकडा मागाहून.

फोरएंड म्हणजे बॅरलखालचा पुढचा लाकडी दस्ता, जिथे डावा हात येतो. बोल्ट-ॲक्शन रायफलीत तो वेगळा नसतो. मागच्या कुंद्यापासून पुढच्या टोकापर्यंत एकच लाकूड (किंवा ॲल्युमिनियम) असतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री-पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यातली रायफलही नियमाने एका वेळी एकच काडतूस घेणारी असते. पण तिथे रिसीव्हर (बॅरल आणि चापाची यंत्रणा धरणारा धातूचा भाग) एकसंध दस्त्यात बसवलेला असतो आणि बॅरल पुढे मोकळी तरंगते. स्क्रूचा प्रश्न तिथेही असतो, पण तो रिसीव्हरच्या बोल्टांचा.

फॉलिंग-ब्लॉक (काडतुसामागचा ठोकळा खाली सरकून उघडणाऱ्या), मार्टिनी (तोच ठोकळा मागच्या खिळीवर झुकून उघडणाऱ्या) आणि मधून मोडणाऱ्या सिंगल-शॉट रायफलींची गोष्ट वेगळी. तिथे रिसीव्हर मध्येच लाकडाचे दोन तुकडे करतो. मागचा कुंदा लांब बोल्टने घट्ट बसतो, त्याची फारशी कटकट नसते. पुढचा तुकडा कशाला तरी टांगावा लागतो, आणि टांगायला जवळ असते ती बॅरलच. सगळी भानगड इथून सुरू होते.

टांगण्याच्या तीन तऱ्हा

पहिली आणि सर्वांत जुनी: स्क्रू थेट बॅरलमध्ये. जॉन ब्राउनिंगच्या १८७९ च्या पेटंटवर बनलेली विंचेस्टर १८८५ हे याचं ठळक उदाहरण. थॉम्पसन/सेंटर काँटेंडर आणि एन्कोर यांतही फोरएंड दोन स्क्रूंनी सरळ बॅरलला धरलेला असतो. इथे स्क्रू जितका आवळाल तितकं लाकूड बॅरलवर चढतं. बॅरल आणि लाकूड मिळून एक वाकडीतिकडी काठी तयार होते, आणि लाकूड हललं की बॅरलही हलते.

दुसरी: बॅरलला खालून झाळलेला एक खुंट, आणि फोरएंडचा एकच स्क्रू त्यात. एच अँड आर कंपनीच्या स्वस्त हँडी-रायफली अशा असतात. एकच स्क्रू असल्याने फोरएंड त्याच्याभोवती किंचित फिरू शकतो, आणि त्याचं मागचं तोंड रिसीव्हरला कुठे टेकतं यावर बरंच काही अवलंबून राहतं.

तिसरी: हँगर. रिसीव्हरपासून बॅरलखालून पुढे आलेली पोलादी पट्टी. फोरएंड बॅरलला न अडकता या पट्टीला अडकतो. ब्रिटनच्या बीएसए कंपनीच्या मार्टिनी इंटरनॅशनल टार्गेट रायफलींच्या पुढच्या आवृत्त्यांत हीच कल्पना वापरून बॅरल मोकळी ठेवली होती. १९६७ मध्ये बाजारात आलेली रुगर नं. १ सुद्धा हँगरवालीच. तिच्या यंत्रणेवर स्कॉटलंडच्या जॉन फार्कुहारसनच्या १८७२ च्या पेटंटची छाप आहे. कागदावर ही तऱ्हा सर्वांत चांगली. पण नं. १ च्या हँगरवर मेनस्प्रिंग (हॅमरला रेटणारी) आणि इजेक्टरची (रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंगही बसवलेली आहे. म्हणजे चाप ओढल्यावर हॅमर सुटतो तेव्हा, गोळी अजून काडतुसात असतानाच, हँगरला झटका बसलेला असतो. शिवाय फोरएंडचा स्क्रू त्यात तिरका शिरतो. तो लाकडाला एकाच वेळी वर आणि मागे ओढतो. वर ओढलं की लाकूड बॅरलला भिडतं, मागे ओढलं की रिसीव्हरच्या तोंडावर दाबतं. मागचा दाब हवा असतो, वरचा नको असतो, आणि दोन्ही एकाच स्क्रूतून येतात.

बॅरलवर थोडासा दाब आला तर काय होतं

टेबलाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरून पुढचं टोक छेडलं की ती थरथरते. मध्ये बोट टेकवलं की थरथरण्याची तऱ्हाच बदलते. रिसीव्हरमध्ये घट्ट बसलेली बॅरल तशीच.

साधारण २२ मिलिमीटर जाडीची, ६६० मिलिमीटर लांबीची पोलादी बॅरल घेतली तर तिचं सर्वांत संथ थरथरणं सेकंदाला सुमारे ३८ वेळा असतं, म्हणजे एका हेलकाव्याला २६ मिलिसेकंद. गोळी बॅरलमधून सुमारे १.३ मिलिसेकंदात बाहेर पडते. त्या हेलकाव्याचा विसावा भागसुद्धा पुरा झालेला नसतो. त्यामुळे बॅरल सुतळीसारखी हलत असताना गोळी सुटते, हे चित्र तितकंसं खरं नाही. गोळी आत असताना जोर असतो तो सेकंदाला काही शे वेळा होणाऱ्या बारीक, वरच्या कंपनांचा आणि धक्क्याने येणाऱ्या वाकेचा. ही कंपनं बॅरलच्या मधल्या भागात कोण टेकलंय याला फार लवकर दाद देतात. फोरएंड नेमका तिथेच असतो.

कंपनं बाजूला ठेवून नुसती वाक मोजली तरी आकडे डोळे उघडणारे आहेत. वरच्याच बॅरलला रिसीव्हरपासून २०० मिलिमीटरवर खालून ५ किलोचा दाब दिला, तर त्या जागी ती जेमतेम ०.०६ मिलिमीटर उचलली जाते, केसाच्या जाडीएवढी. पण पुढच्या भागाचा रोख सुमारे ०.४३ मिलिरेडियनने बदलतो. १०० मीटरवर हे ४ सेंटिमीटरहून जास्त झालं. दुर्बीण बॅरलवरच बसवलेली असेल (नं. १ मध्ये ती बॅरलच्या मागच्या भागावरच्या पट्टीवर बसते), तर यातला काही भाग दुर्बिणीबरोबर जातो आणि लक्ष्यावर कमी दिसतो. तरीही मुद्दा राहतोच: दोन बारांच्या मधे दाब एका किलोने बदलला, तरी चांगल्या रायफलीचा ग्रुप बिघडवायला तेवढं पुरतं.

म्हणजे बॅरलवर दाब असणं हाच दोष आहे असं नाही. कित्येक बॅरली थोड्या दाबाखाली उलट जास्त शहाण्यासारख्या वागतात. दाब प्रत्येक बाराला तेवढाच राहतो का, हे महत्त्वाचं.

आकड्यामागचा जोर

स्क्रूचा टॉर्क आणि त्यातून मिळणारा ओढा यांचं ढोबळ गणित असं: टॉर्कला स्क्रूच्या व्यासाने भागा, मग कोरड्या आट्यांसाठी ०.२ ने भागा. पाव इंची स्क्रू २० इंच-पौंडांवर, म्हणजे २.२६ न्यूटन-मीटरवर आवळला, की जवळपास १८० किलोचा ओढा तयार होतो. १० इंच-पौंडांवर ९०. बारीकसा स्क्रू, किरकोळ टॉर्क, आणि दोन माणसांच्या वजनाएवढी ओढ. पहिल्यांदा गणित करणाऱ्याला हे पटत नाही.

आट्यांना तेल लागलं की ते ०.२ घसरून ०.१५ च्या आसपास येतं आणि त्याच २० इंच-पौंडांत ओढा सुमारे २४० किलोवर जातो. रायफल साफ करताना तेल आट्यांत उतरलं आणि 'तेवढाच' टॉर्क दिला, की तो आता तेवढा राहिलेला नसतो. स्क्रूचा व्यास कमी असेल तर त्याच टॉर्कमध्ये ओढा आणखी वाढतो. म्हणून एन्कोरचा आकडा नं. १ ला लावण्यात काहीच अर्थ नाही.

आता हा ओढा लाकडावर कसा पडतो ते बघा. अक्रोडाच्या लाकडाला रेषेच्या आडव्या दिशेने दाबलं तर चौरस मिलिमीटरला साधारण ७ न्यूटनपर्यंत ते परत पूर्ववत होतं. त्यापुढे दबतं ते दबलेलंच राहतं. १० मिलिमीटर व्यासाचं स्क्रूचं डोकं सरळ लाकडावर बसलं, तर १८० किलोच्या ओढ्यात तिथे चौरस मिलिमीटरला ४० न्यूटनच्या आसपास दाब येतो. लाकूड चिरडणारच. डोक्याखाली १८ मिलिमीटरची धातूची वाटी असेल तर तोच दाब ८ वर येतो, म्हणजे जेमतेम काठावर. दर वेळी साफसफाईनंतर स्क्रू 'अजून थोडा फिरतोय' असं वाटतं त्याचं कारण हेच. स्क्रू आत जात नाही, लाकूड बसत जातं. आणि ते जसं बसतं तसा फोरएंड वर सरकून बॅरलच्या जवळ येतो.

हवेचा खेळ याहून मोठा. अक्रोडाचं लाकूड ओलाव्याच्या दर एका टक्क्याला जाडीत साधारण ०.१८ ते ०.२६ टक्का फुगतं किंवा आकसतं. स्क्रूचं डोकं आणि हँगर यांच्यात २५ मिलिमीटर लाकूड असेल आणि ओलावा चार टक्के वाढला, तर जाडी कमीत कमी ०.१८ मिलिमीटरने वाढते. पाव इंची, इंचाला २८ आटे असलेल्या स्क्रूच्या हिशेबात हे जवळपास एक पंचमांश फेरा आवळण्याइतकं झालं, पाना हातात न घेता. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत झिरो केलेली (नेम जुळवून ठेवलेली) रायफल ॲलॅस्काच्या ओल्या किनाऱ्यावर वेगळ्या जागी मारते, त्याला काडतुसं जबाबदार नसतात. आपल्याकडचा मे आणि जुलै यांच्यातही एवढा फरक सहज पडतो.

लक्ष्यावरच्या खुणा

भोकं बघून बरंच कळतं. बार जसजसे होतील तसतशी भोकं वर सरकत जाऊन उभी माळ होत असेल, तर बॅरल तापते आहे आणि फोरएंडचं टोक तिला खालून ढकलतंय असं धरा. स्क्रू थेट बॅरलमध्ये असेल तर आणखी एक गोष्ट घडते: बॅरल ४० अंशांनी तापली की रिसीव्हरपासून स्क्रूपर्यंतच्या २५० मिलिमीटरमध्ये ती ०.१२ मिलिमीटर लांबते, लाकूड त्याच्या निम्म्यानेही लांबत नाही. रिसीव्हरवर टेकलेलं फोरएंडचं मागचं तोंड मग सुटायला लागतं.

आडवी माळ पडली तर बॅरलच्या खोबणीची एक बाजू घासते आहे, किंवा एका स्क्रूवरचा फोरएंड फिरतोय. शेजारी शेजारी दोन घट्ट ग्रुप पडणं ही सर्वांत बोलकी खूण: फोरएंडला बसायला दोन जागा आहेत आणि धक्क्याने तो एकीतून दुसरीत जातोय. पहिला बार बाहेर आणि पुढचे चार एकत्र, हे बहुधा तेलकट बॅरलचं काम असतं. त्यासाठी स्क्रूला हात लावू नये.

आवळण्याआधीचं काम

रायफल रिकामी करा. ब्लॉक उघडून चेंबरमध्ये डोळ्याने आणि बोटाने खात्री करा. स्क्रूच्या खाचेत पुरेपूर बसेल असाच ड्रायव्हर घ्या. पाचरीसारखा उतरता ड्रायव्हर खाच फाडतो.

फोरएंड काढला की आधी स्क्रूची लांबी तपासा. स्क्रू एकटाच भोकात बोटाने फिरवून किती आत जातो ते मोजा. तो भोकाच्या तळाला टेकत असेल तर पाना घट्ट दाखवेल आणि लाकूड सैलच राहील. थेट बॅरलमध्ये जाणाऱ्या स्क्रूच्या जागी चुकूनही जास्त लांब स्क्रू घालू नका; तळाला रेटून बसलेला स्क्रू आत बोअरला (गोळी जाते त्या भोकाला) फुगवटा आणू शकतो.

मग लाकूड कुठे टेकतंय ते शोधा. बॅरलच्या खालच्या बाजूला, हँगरला आणि रिसीव्हरच्या तोंडाला काजळीचा पातळ थर द्या, फोरएंड बसवून नेहमीइतका आवळा, काढा. खोबणीत काळे डाग दिसतील तिथे स्पर्श आहे. हँगरवाल्या रायफलीत डाग फक्त दोन ठिकाणी हवेत: हँगरच्या बैठकीवर आणि मागच्या तोंडावर, तेही दोन्ही बाजूंना सारखे. खोबणीतले बाकीचे डाग गोल लाकडी दांड्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने काढत जा. ०.५ ते १ मिलिमीटर फट पुरे. आवळलेल्या स्थितीत व्हिजिटिंग कार्ड दुमडून बॅरलखालून न अडकता सरकलं पाहिजे. मागचं तोंड मात्र अजिबात घासू नका. तिथे एका बाजूचं लाकूड जास्त गेलं की फोरएंड कायमचा तिरका.

घासलेल्या उघड्या लाकडाला आतून तेल किंवा वॉर्निश लावणं लोक हटकून विसरतात. बाहेरून काचेसारखं पॉलिश आणि आत कोरं लाकूड, अशा दस्त्याला पहिल्याच पावसात पीळ पडतो.

स्क्रूखाली लाकूड दबत असेल तर पिलर घाला: स्क्रूभोवती ॲल्युमिनियमची किंवा पोलादी नळी, इपॉक्सीत बसवलेली, म्हणजे ओढा धातूकडून धातूकडे जातो. नळीची लांबी लाकडाइतकीच हवी. किंचित लांब झाली तर स्क्रू घट्ट असूनही उन्हाळ्यात फोरएंड खडखडतो. इपॉक्सी लावताना धातूला मेणाचा थर द्यायला विसरू नका, नाहीतर फोरएंड पुन्हा निघणार नाही.

हँडी-रायफलीवर यापेक्षा कितीतरी स्वस्त इलाज चालतो: खुंटाभोवती, लाकूड आणि धातू यांच्यामध्ये एक ओ-रिंग. लाकूड बॅरलपासून अलग होतं, आणि आवळण्यातला थोडा फरक रबर पोटात घेतं. नायट्राइल रबराची घ्या. साधं रबर तेलाने फुगतं.

मग टॉर्क

इंच-पौंडांत मोजणारा ड्रायव्हर हवा. मोटारसायकलचा टॉर्क पाना इतक्या खाली भरवशाचा नसतो. आटे पुसून कोरडे करा आणि पुढेही कोरडेच ठेवा. १०, १५, २०, २५ असे चार टप्पे घ्या. काडतुसं एकाच लॉटची. पुढची वाळूची पिशवी दर वेळी एकाच जागी, रिसीव्हरच्या जवळ. फोरएंडच्या टोकाखाली ठेवली की स्क्रूची परीक्षा होण्याऐवजी पिशवीची होते. स्लिंग (खांद्याचा पट्टा) लावलेली असेल तर काढा, ती फोरएंडला ओढते.

प्रत्येक टप्प्यावर पाच बारांचे चार ग्रुप मारा, मधे बॅरल हाताला गार लागेपर्यंत थांबा. काडतुसं महाग आहेत म्हणून एकेका ग्रुपवर निकाल लावणारे स्वतःलाच फसवतात. काहीही न बदलता पाच बारांचा ग्रुप सरासरीच्या पाव हिश्श्याहून जास्त इकडेतिकडे होतो, तीन बारांचा तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. एकदा २० मिलिमीटर आणि नंतर ३० मिलिमीटर हे एकाच रायफलीचे, एकाच टॉर्कचे असू शकतात. चार ग्रुपांची सरासरी घेतली की हा गोंधळ निम्म्यावर येतो. शेवटी पुन्हा १० वर येऊन एक फेरी मारा. पहिल्यासारखाच निकाल आला नाही तर मधल्या काळात लाकूड बसलंय, आणि सगळी चाचणी नव्याने करावी लागेल.

मोकळी केलेली रायफल चारही टप्प्यांवर जवळपास सारखीच लागली, तर तो सर्वांत उत्तम निकाल. मग फोरएंड हलणार नाही आणि लाकूड दबणार नाही असा मधला आकडा निवडा. एकाच टप्प्यावर ग्रुप झकास आणि बाजूच्या दोन्हींवर वाईट असेल तर हुरळून जाऊ नका. असा आकडा पुढच्या ऋतूपर्यंत टिकत नाही. कुठेतरी स्पर्श शिल्लक आहे.

मोकळी बॅरलही वेडीवाकडी लागली तर

काही नं. १, विशेषतः बारीक बॅरलच्या, मोकळ्या केल्यावर उलट बिघडतात. त्यांना दाब हवा असतो, पण तो लाकडातून न देता हँगरमधून द्यावा. हँगरच्या पुढच्या टोकाला भोक पाडून, आटे पाडून, त्यात बॅरलला खालून टेकणारा छोटा सेटस्क्रू घालतात, पितळी किंवा नायलॉनच्या टोकाचा. बॅरलला नुसता टेकला ती सुरुवात, आणि तिथून एक अष्टमांश फेऱ्याने पुढे. इंचाला ३२ आटे असतील तर एवढ्या फेऱ्यात टोक ०.१ मिलिमीटर पुढे जातं. यातला बराच भाग हँगर स्वतः वाकून खातो, नाहीतर एवढ्याशा फेऱ्यात बॅरलवर आठ-नऊ किलो दाब आला असता. पाव फेऱ्याच्या उड्या मारल्या तर चांगली जागा हुकते. भोक पाडायचं नसेल तर हँगरचं टोक आणि बॅरल यांच्यात नायट्राइल रबराचा तुकडा बसवून बघा. तो बारीक कंपनं शोषतो, आणि आवडला नाही तर काढून टाकता येतो.

भोक पाडण्याचं काम हँगर रायफलीतून पूर्ण काढून, मशीनवर, जाणकार बंदूक-दुरुस्तीवाल्याने करायचं. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली हत्यारांच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा माणूस परवानाधारकच हवा. बॅरलला मात्र या कामासाठी कुठेही ड्रिल लावू देऊ नका, ०.३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसाचा मान्य दाबच ४,१५० बारपर्यंत (बार हे इथे दाबाचं एकक) असतो.

आकडा ठरला की स्क्रूच्या डोक्यावरून वाटीवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. चोवीस तासांनी आणि पुन्हा पहिल्या वीस बारांनंतर टॉर्क तपासा, कारण नवं बसवलेलं लाकूड या काळात सर्वांत जास्त बसतं. त्यानंतर रेघ जुळलेली असेल तर पाना लावू नका. रेघ जुळते आहे पण झिरो सरकलाय, तर स्क्रू जागेवर आहे आणि लाकूड हललंय: फोरएंड काढून पुन्हा काजळी लावा.